राम टेकला, आम्ही नाही

सोमवारी सकाळी बँकेचं शटर वर जाण्याआधी आम्हा कर्मचाऱ्यांना जी दहा-पंधरा मिनिटं मिळतात, तेवढ्यात देशापुढचे बहुतेक प्रश्न सुटतात. उरलेले दुपारी डबा खाताना सुटतात. मग ग्राहक येतात आणि सगळे प्रश्न पुन्हा उभे राहतात. अशाच एका सोमवारी शेजारच्या काउंटरवरच्या सहकाऱ्याने रुमालाने खुर्ची झटकत जाहीर केलं, "काल रामटेक केलं ना भाऊ!"

"काय केलं?" मी विचारलं.

"रामटेक. कधीचं राहून गेलं होतं. करून टाकलं एकदाचं."

आता मी पडलो कॉमर्सचा पदवीधर. व्याकरणाशी माझा संबंध दहावीनंतर तुटला, आणि तो परस्परसंमतीने तुटला. पण हे 'केलं' मला भातातल्या खड्यासारखं दाताखाली आलं. माणूस भाजी करतो, हिशेब करतो, लग्न करतो आणि मग निभावतो. वारीसुद्धा करतो, कारण वारी पायांनी करायची असते. केल्याशिवाय ती होतच नाही. पण अख्खं गाव कसं काय करतात बुवा? वाकाटकांनी, यादवांनी, भोसल्यांनी मिळून पंधराशे वर्षं जे करत आणलं, ते या गृहस्थाने एका रविवारी 'करून टाकलं'!

मी शांतपणे, म्हणजे पासबुकावर शिक्का मारताना असतो तेवढ्या शांतपणे, चौकशी केली. हिशेब असा निघाला: अकराला घरून निघाले. सव्वाबाराला गाडी थेट वर. दर्शन, फोटो, आणि माकडाने मुलीच्या हातातला चिप्सचा पुडा पळवला तो वेळ धरून एक वाजता खाली. खिंडसीच्या तलावापाशी जेवण. तीन वाजता घरी येऊन झोपलेसुद्धा.

"पण खरं सांगू का?" ते आवाज खाली आणून म्हणाले, "तसं काही नाही हो तिथे पाहण्यासारखं. रोपवे व्हायला पाहिजे. टाइम वाचेल."

वाचकहो, हा लेख त्या वाचणाऱ्या टाइमाच्या विरुद्ध आहे.

माझी पात्रता आधीच सांगून टाकतो. मी इतिहासाचा अभ्यासक नाही, भाविक म्हणावा असाही नाही. मी इतवारीत जन्मलो, इतवारीत वाढलो आणि रोज सकाळी इतवारीतूनच वाट काढत बँकेत जातो. नागपूरबाहेरच्या वाचकांना या 'वाट काढत' शब्दांतली खोली कळायची नाही. शहीद चौकातून मस्कासाथेपर्यंत स्कूटरने जायचं म्हणजे धान्याची पोती वाहणारे हातठेले, सराफ्यातल्या लग्नघरच्या बायका, लोहाओळीतून निघालेल्या सळया आणि रस्त्याच्या मधोमध ध्यानस्थ बसलेली गाय, इतक्या सगळ्यांची ना-हरकत घ्यावी लागते. या एवढ्याशा अंतरात रोज अर्धा तास आनंदाने घालवणारी आम्ही माणसं, रामटेकला गेलो की आम्हाला वेळ वाचवायचा असतो. वाचवून करतो काय? तीन वाजता घरी येऊन झोपतो.

रामटेक नागपूरपासून जेमतेम ५० किलोमीटर. टेकडीवर राम-लक्ष्मणाची देवळं, भोवती तट आणि एकामागून एक दरवाजे, पायथ्याशी गाव, आणि टेकडीच्या कुशीत आंबाळा तलाव. तलावाच्या काठाने घाट आणि देवळं. पूर्वीची रीत अशी की आधी आंबाळ्याला स्नान करायचं आणि मग पायऱ्या चढून गडावर जायचं. कार्तिकात त्रिपुरी पौर्णिमेला मोठी यात्रा भरते.

नावाची उपपत्ती दोन तऱ्हांनी सांगतात. एक म्हणजे ऋषींना छळणाऱ्या राक्षसांचा नाश करीन अशी प्रतिज्ञा, अशी टेक, रामाने इथे घेतली. दुसरी म्हणजे वनवासात हिंडताना राम इथे घटकाभर टेकला. पहिली उपपत्ती विद्वानांना सोपवून मी दुसरी घेतो, कारण ती माझ्या प्रकृतीला मानवते. विचार करा, चौदा वर्षांचा वनवास, बायको बरोबर, भाऊ बरोबर, पुढे लंकेपर्यंतचं काम पडलेलं. घाई कोणाला असायला हवी होती? तो इथे टेकला. आणि त्या टेकण्याचंच गावाला नाव पडलं. 'राम आला' म्हणून गावाला रामआला म्हणत नाहीत, 'रामाने केलं' म्हणून रामकेलं म्हणत नाहीत. रामटेक! ज्या गावाच्या नावातच बसून घ्यायची सूचना आहे, तिथे आपण गाडीचं इंजिन चालू ठेवून जातो.

'आपण' म्हटलं, कारण आता कबुलीजबाब द्यायची वेळ आली आहे. सहकाऱ्याचा मला एवढा राग आला त्याचं कारण, आदल्याच वर्षी मीही रामटेक केलं होतं.

मेव्हण्याने नवी गाडी घेतली. नव्या गाडीला देवदर्शन घडवावं लागतं, माणसांचं पुढे पाहता येतं. आईने कधीचा हट्ट धरला होता, "बाबू, एकदा रामटेकला ने मला." दोन्ही कामं एका पेट्रोलमध्ये होत होती. कॉमर्सच्या माणसाला याहून पवित्र योग कोणता?

गाडीत बसल्याबसल्या आई म्हणाली, "आंबाळ्याहून जाऊ ना रे."

"आई, आता गाडी वरपर्यंत जाते. तुझे गुडघे बघ. पायऱ्या कशाला?"

"मी पायऱ्या म्हटलं का? आंबाळ्याहून म्हटलं."

मेव्हण्याने मोबाइल दाखवला. "आत्याबाई, हा पाहा, यानं सगळ्यांत जवळचा रस्ता दाखवून राहिला."

त्या मोबाइलने खरोखरच सगळ्यांत जवळचा रस्ता दाखवला. टेकडीवर वाकाटकांच्या काळातली नृसिंहाची देवळं आहेत, म्हणजे पंधराशे वर्षांची. ती काचेबाहेरून मागे गेली. गाडी थांबली, दर्शन झालं, फोटो झाला, माकडांना घाबरून झालं. वर आम्ही बरोबर बावीस मिनिटं होतो. हे मला ठाऊक आहे, कारण मेव्हण्याने ती मोठ्या अभिमानाने मोजली होती. परतीच्या वाटेवर कन्हानचा पूल आला तेव्हा मागच्या सीटवरून आई बोलली. रागाने नव्हे, पासबुक पाहून ग्राहक एखादी राहिलेली नोंद दाखवतो ना, तसं.

"दर्शन छान झालं रे. रामटेक राहिलं."

मेव्हणा हसला. मीही हसलो. सौ. मात्र हसली नाही. बायकांना अशा वेळी पुरुषांच्या आधी कळतं आणि त्या सांगत नाहीत.

आईचं नेमकं काय राहिलं होतं ते कळायला मला तीसेक वर्षं मागे जावं लागलं. माझे वडील किराणा ओळीतल्या एका दुकानात मुनीम होते. वर्षातून एकदा, कार्तिकात, ते आम्हाला रामटेकला नेत. इतवारी स्टेशनवरून गाडी. आईने पहाटे उठून केलेल्या पुऱ्या आणि कोरडी बटाट्याची भाजी. कामठी गेलं की डबा उघडायचा हट्ट, कन्हान गेलं की डबा रिकामा. उतरल्यावर आंबाळ्याचं थंडगार पाणी, दात वाजत केलेलं स्नान, आणि मग पायऱ्या.

वडील पायऱ्या मोजत. त्यांचा धंदाच मोजण्याचा. दिवाळीला वह्या बदलताना चार आण्यांचा फरक आला तर जेवण न करता रात्र रात्र जागणारा माणूस. पण रामटेकच्या पायऱ्यांची त्यांची बेरीज दोन वर्षं कधी सारखी आली नाही. मध्येच कोणी ओळखीचं भेटे, मध्येच आई म्हणे "जरा टेकते", मध्येच मला तहान लागे, आणि आकडा चुके. वर पोचल्यावर मी विचारायचो, "बाबा, किती झाल्या?" ते काहीतरी सांगत. मी म्हणायचो, "मागच्या वर्षी वेगळ्या होत्या." तेव्हा तो चार आण्यांसाठी जागणारा माणूस मोठ्याने हसायचा आणि म्हणायचा, "रामाच्या खात्यात फरक चालतो."

गडावर वराहाची भली मोठी मूर्ती आहे. पापी माणूस तिच्या पोटाखालून गेला तर अडकतो, असं आमच्या घरी सांगत. मी दरवर्षी सुळकन निघायचो आणि दरवर्षी स्वतःच्या पुण्याईवर खूश व्हायचो. बँकेत लागल्यापासून मी हा प्रयोग केलेला नाही. पापामुळे नव्हे, पोटामुळे.

अशा चालीने आमचं रामटेक सकाळी सुरू व्हायचं आणि दिवेलागणीला संपायचं. त्यात देवापुढे उभं राहण्याचा वेळ किती? असेल पाच मिनिटं. उरलेला सगळा दिवस पाण्याचा, पायऱ्यांचा, सावलीचा, पुऱ्यांचा आणि वडील हसण्याचा. मेव्हण्याच्या गाडीने आम्ही ती पाच मिनिटं तेवढी घेतली आणि बाकीचा दिवस वाचवला. आई म्हणत होती ते एवढंच.

या टेकण्याच्या बाबतीत माझ्या बाजूने साक्षीदारही भक्कम आहेत. पहिला साक्षीदार तर आमच्याच खात्यातला. कालिदासाच्या मेघदूतातला यक्ष हा कुबेराचा नोकर. कुबेर म्हणजे देवांचा खजिनदार. थोडक्यात, यक्ष बँकेत होता. कामात हलगर्जी केली म्हणून साहेबाने त्याला एक वर्षासाठी मुख्यालयाबाहेर काढलं, आणि त्याने मुक्काम केला रामगिरीच्या आश्रमांत. हा रामगिरी म्हणजेच आपलं रामटेक असं महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी साधार मांडलं. काहीजण छत्तीसगडातल्या सरगुजाच्या रामगडाचं नाव घेतात. त्यांचा मी आदर करतो. पण मी नागपूरकर आहे, माझ्याकडून निःपक्षपाती निकालाची अपेक्षा कोणी ठेवू नये. मला तर वाटतं, शिक्षेची बदली होऊन रामटेकला आलेला बँकेचा तो पहिला कर्मचारी.

गंमत पुढेच आहे. हा यक्ष बायकोच्या विरहाने वाळलेला. हातातलं कडं गळून पडलेलं. निरोप तातडीचा. बरं, नेणारा कोण? ढग. आता ढगाला यक्ष काय सांगतो? सगळ्यांत जवळचा रस्ता सांगतो? छे! तो सांगतो की थकलास तर डोंगरांच्या माथ्यावर टेक, नद्यांचं पाणी पी, आणि वाट वाकडी झाली तरी उज्जयिनी पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. ज्याचा जीव टांगणीला लागला आहे तो माणूस ढगालासुद्धा टेकत टेकत जायला सांगतो. आणि ज्याला घरी जाऊन फक्त झोपायचं आहे तो म्हणतो, रोपवे पाहिजे! कालिदासाने मेव्हण्याचा मोबाइल ढगाच्या हाती दिला असता तर मेघदूत दोन श्लोकांत आटोपलं असतं आणि आज त्या टेकडीवर कालिदासाचं स्मारक नसतं, की १९९७ पासून रामटेकला त्याच्या नावाचं संस्कृत विद्यापीठ नसतं.

दुसरी साक्ष चक्रधर स्वामींची. १३ व्या शतकात गुजरातेतल्या भडोचेहून एक राजबिंडा तरुण रामटेकच्या यात्रेला म्हणून निघाला, असं महानुभावांची परंपरा सांगते. वाटेत ऋद्धपूर लागलं, तिथे गोविंदप्रभू भेटले, आणि यात्रेकरूचं आयुष्यच पालटलं. पुढे म्हाइंभटाने त्यांच्या आठवणी गोळा करून लीळाचरित्र लिहिलं, म्हणजे मराठी गद्याचा पहिला मोठा ठेवा. हे सगळं का घडलं? रामटेकला निघालेला माणूस वाटेत थांबायला तयार होता म्हणून. आज तोच तरुण गाडीतून निघाला असता तर यंत्राने त्याला ऋद्धपूर बाहेरूनच वळवून दिलं असतं आणि 'दहा मिनिटं वाचली' असं वर कळवलं असतं. मराठीचं काय झालं असतं ते तुम्हीच ताडा. पुढे रामटेकलाही ते राहिले. तिथलं भोगरामाचं देऊळ महानुभाव आजही त्यांच्या वास्तव्याची जागा म्हणून मानतात.

तिसरी साक्ष एका कामाच्या बाईची. ५ व्या शतकात प्रभावतीगुप्ता नावाची वाकाटकांची राणी होती. बाप गुप्तांचा सम्राट दुसरा चंद्रगुप्त, नवरा अकाली गेलेला, मुलं लहान, राज्याचा कारभार अंगावर. राजधानी इथूनच जवळ, नंदिवर्धनला, म्हणजे आजच्या नगरधनला. तिने दिलेला एक दानाचा ताम्रपट ऋद्धपूरला मिळाला, आणि त्यात स्पष्ट लिहिलं आहे की हे दान रामगिरीच्या स्वामीच्या पायांपासून दिलं. राज्य चालवणारी बाई कागदपत्र करायला देवाच्या पायाशी येऊन टेकते. आम्ही कागदपत्रं करायला ग्राहकाला या काउंटरवरून त्या काउंटरवर पाठवतो आणि म्हणतो, आम्हाला वेळ नाही.

आणि शेवटचा पुरावा दगडातच आहे. लक्ष्मणाच्या देवळात यादव राजा रामचंद्राच्या काळातला, १३ व्या शतकाच्या अखेरीचा शिलालेख आहे. त्यात या टेकडीवरच्या आणि आसपासच्या तीर्थांची नावं आहेत. मी बँकवाला असल्यामुळे मला तो शिलालेख म्हणजे सातशे वर्षांपूर्वीचं पासबुकच वाटतं. एकेक तीर्थ, एकेक नोंद. लिहिणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं की रामटेक म्हणजे वरचं एक देऊळ नाही. पाणी, झाड, देवतं, वाट, सगळी मिळून बेरीज. आपण मात्र वर जाऊन शेवटची शिल्लक तेवढी पाहतो, पासबुक मिटतो आणि खाली येऊन सांगतो, "खात्यात विशेष काही नाही हो!"

आता तुम्ही म्हणाल, या लेखकाला काय जातंय? ज्यांचे गुडघे गेले, ज्यांना दम लागतो, ज्यांना चालताच येत नाही, त्यांनी काय देव पाहू नये? एकदम बरोबर. वरपर्यंतचा रस्ता असलाच पाहिजे, तो चांगला असला पाहिजे आणि म्हाताऱ्या-आजारी माणसांना तो आधी मिळाला पाहिजे. माझं भांडण रस्त्याशी नाहीच. माझं भांडण त्या रस्त्याने गेलेल्या माझ्यासारख्या धडधाकट माणसाशी आहे. आईच्या गुडघ्यांची ढाल पुढे करून मी माझा आळस वर नेऊन आणला. बाई नुसतं आंबाळ्याच्या काठी जाऊ म्हणत होती, जिथे गाडी जाते, चढावं लागत नाही आणि फुकट बसता येतं. मी तिला तेही दिलं नाही, कारण माझ्या हिशेबात आंबाळा 'वाटेतलं' होतं.

दुसरा आक्षेप: लोकांना वेळ कुठे आहे? हा आक्षेप मी रोज ऐकतो, आणि तोही अशा लोकांकडून की जे माझ्या काउंटरसमोर उभे राहून एका हाताने मोबाइलवर तासतासभर माकडांची चित्रफीत पाहतात. माकडंच पाहायची तर रामटेकला खरी आहेत. तीसुद्धा तुमच्याकडे पाहतात, हा वरचा फायदा.

तिसरा आक्षेप: जग पुढे गेलं, आता चालत कोण जातं? तर जगाचंच पाहू. स्पेनमध्ये सांतियागोची यात्रा आहे, मध्ययुगापासूनची. डोंगरांवरची जुनी खेडी त्या वाटेवर लागतात. आजच्या घटकेला युरोपातली मोटारवाली, विमानवाली माणसं ती वाट पाठीवर पिशवी टाकून चालतात. शेवटचे निदान १०० किलोमीटर पायी गेल्याशिवाय तिथे यात्रेचं प्रमाणपत्र मिळत नाही. आणि चालल्याचा पुरावा म्हणून वाटेत जागोजागी एका पुस्तिकेवर शिक्के घ्यावे लागतात. शिक्के! हे ऐकल्यापासून त्या लोकांबद्दल माझ्या मनात व्यावसायिक आदर निर्माण झाला आहे. आणि लांब कशाला जायचं? पंढरीची वाट आपलीच. वारकऱ्याला कोणी म्हटलं की माउली, गाडीने तीन तासांत सोडतो, तर तो हसेल. त्याला पोचायची घाई असती तर तो निघालाच नसता.

म्हणून माझं म्हणणं थोडक्यात असं. वर गाड्या लावायला जागा वाढवा, रोपवे आणा, अशा मागण्या मी जाता-येता ऐकतो. पायऱ्यांच्या वाटेवर चार झाडं लावा, एक पाण्याचा माठ ठेवा, टेकायला दगडी कट्टा बांधा, असं म्हणणारा मला अजून भेटलेला नाही. राम जिथे टेकला तिथे माणसाला टेकायला कट्टा मागावा लागतो, यापरता विनोद माझ्यासारख्या विनोदी लेखकाला सुचणार नाही.

तर सांगायचं म्हणजे, ज्या सोमवारी सहकाऱ्याने रामटेक 'केलं', त्याच सोमवारी मी रजेचा अर्ज टाकला. बुधवारची रजा. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'रामटेक'.

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "रविवारी होत नाही का हे?"

"होतं साहेब," मी म्हटलं, "म्हणूनच रविवारी जायचं नाही."

साहेबांना काय कळलं ते त्यांनाच माहीत, पण सही केली.

बुधवारी आम्ही दोघंच एसटीने गेलो. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून एसटीचा प्रवास फुकट आहे, त्यामुळे आईचं तिकीट शून्य आणि माझं पूर्ण. तिला या गोष्टीचा कन्हानपर्यंत आनंद पुरला. सौ.ने पुऱ्या आणि कोरडी बटाट्याची भाजी दिली होती, न सांगता. मी आधी म्हटलंच, बायकांना आधी कळतं.

आंबाळ्याला पोचलो. आई घाटाच्या पायरीवर बसली, पाण्यात पाय सोडले. बराच वेळ काही बोलली नाही. मीही बोललो नाही, कारण तेव्हा मला ती गोष्ट आठवली जी मला मेव्हण्याच्या गाडीतच आठवायला हवी होती. नऊ वर्षांपूर्वी वडिलांच्या अस्थी आम्ही याच पाण्यात सोडल्या होत्या. पिंड याच घाटावर दिले होते. मी तेव्हा फुलं किती, दक्षिणा किती, गाडीभाडं किती याचा हिशेब सांभाळत होतो. आई घरी होती. तिने ती जागा पाहिलेलीच नव्हती.

"इथेच का रे?" तिने विचारलं.

"त्या पायरीवरून, आई. तिथून दुसऱ्या."

ती उठली, हात धरून त्या पायरीवर गेली आणि टेकली. ओंजळभर पाणी घेतलं आणि सोडलं. मग पदराला हात पुसून म्हणाली, "पुऱ्या काढ."

पुऱ्या खाऊन झाल्यावर मी भीतभीत विचारलं, "वर जायचं? रिक्षा पाहू?"

"मी इथे बसते. तू जा पायऱ्यांनी. मोजत जा."

मी गेलो. पहिल्या टप्प्यावर मोजत होतो. दुसऱ्या टप्प्यावर श्वास मोजत होतो. एका ठिकाणी एक म्हातारे गृहस्थ बसले होते; त्यांनी विचारलं, "कुठले?" मी म्हटलं, "इतवारी." ते म्हणाले, "आमची बहीण दिली मस्कासाथेत." झालं, आकडा गेला. पुढे एका माकडाने माझी पिशवी तपासली आणि आक्षेपार्ह काही न सापडल्याने परत केली; आमच्या ऑडिटरपेक्षा लवकर. वर पोचलो तेव्हा गुडघे बोलत होते, पण वारा असा होता की खालचं तळं आणि त्याच्या काठी एका ठिपक्याएवढी आई दिसली आणि मी तटाच्या भिंतीला टेकून नुसता उभा राहिलो. किती वेळ ते मोजलं नाही.

खाली आलो. आईने विचारलं, "किती झाल्या?"

मी एक आकडा सांगितला.

"तुझे बाबा तर वेगळाच सांगायचे," ती म्हणाली, आणि मोठ्याने हसली.

गुरुवारी मी लंगडत बँकेत गेलो. शेजारच्या काउंटरने विचारलं, "काय भाऊ, केलं का रामटेक?"

"नाही जमलं," मी म्हटलं. "पुढच्या कार्तिकात परत जायचं आहे. हिशेबात फरक येतो आहे."